रेडिओच्या गाडीचें स्टिअरिंग: सर्व्होस मर्यादा घालून देण्याची रीत

गेल्या खरिपांत आमच्या मंडळाच्या फवारणी-गाडीचा एक सर्व्हो जळाला. सर्व्होची किंमत फार नव्हती. पण तो जळत असतां जें घडलें तें सभासदांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे, व त्याचें कारण अगदीं साधें आणि टाळतां येण्यासारखें होतें. म्हणून या अंकांत त्या विषयास नेहमींपेक्षां अधिक जागा देत आहों.

प्रथम गाडीविषयीं. ही गाडी बॅटरीवर चालणारी, चार चाकांची व गुडघ्याइतकी उंच आहे. तिच्यावर २० लिटरची टाकी व लहान पंप बसविला आहे. चालविणारा बांधावर उभा राहतो, त्याच्या हातांत ट्रान्समीटर असतो, आणि गाडी दोन ओळींमधून एकटी जाते. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों आजारी पडले, हें वाचक विसरले नसतील. फवारणाऱ्याचें अंग औषधाच्या तुषारापासून दूर कसें ठेवावें हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मंडळापुढें आहे, व ही गाडी म्हणजे त्यास आमच्यापुरतें काढलेलें एक उत्तर होय.

त्या दिवशीं झालें असें. जुना सर्व्हो ढिला पडला म्हणून आदल्या संध्याकाळीं नवा बसविला. गाडी अंगणांत चालवून पाहिली, चाकें दोन्ही बाजूंस वळलीं, आणि काम झालें असें आम्हीं समजलों. सकाळीं कापसाच्या तीन ओळी नीट झाल्या. चौथ्या ओळीच्या शेवटीं गाडी डावीकडे वळवितांना सर्व्होंतून धूर निघाला व चाकें वळलेलीं तशींच अडकून राहिलीं. गाडी जागच्या जागीं गोल फिरूं लागली, पंप चालूच होता, आणि चालविणारा आमचा तरुण सभासद गोंधळून, ट्रान्समीटर बांधावर टाकून, तिला धरावयास धांवला. तोंडास फडकें नाहीं, डोळ्यांस चष्मा नाहीं. कारण बांधावर उभें राहणाऱ्यास त्यांची गरज नाहीं असें आम्हींच त्यास सांगितलें होतें. दोन दिवस त्याचे डोळे चुरचुरत होते व डोकें जड होतें. डॉक्टरांस दाखविल्यावर तो बरा झाला. ज्या तुषारापासून माणसास दूर ठेवण्यासाठीं गाडी केली, त्याच तुषारांत गाडीनें माणूस ओढून नेला.

सर्व्हो उघडून पाहिला तेव्हां आंतील मोटारीचें वेटोळें काळें पडलें होतें. दोष सर्व्होचा नव्हता. त्यानें कोठपर्यंत वळावें ही मर्यादा आम्हीं त्यास घालून दिली नव्हती.

आतां सर्व्हो म्हणजे काय तें पाहूं. काड्यापेटीहून थोडी मोठी, सुमारें ४० मि.मी. लांब व २० मि.मी. रुंद अशी ही डबी असते. तिच्यांत विजेची एक लहान मोटार, तिची गति कमी करून जोर वाढविणारी दांतेचक्रांची माळ, बाहेरच्या आंसाबरोबर फिरणारा पोटेन्शिओमीटर, आणि या सर्वांवर देखरेख करणारें छोटें सर्किट, इतक्या वस्तु असतात. रिसीव्हर या सर्किटास दर सेकंदास सुमारें ५० वेळां विजेचा एक ठोका पाठवितो. ठोका १५०० मायक्रोसेकंद टिकला तर आंसानें मध्यावर राहावें. १००० मायक्रोसेकंद टिकला तर एका बाजूस, २००० टिकला तर दुसऱ्या बाजूस जावें, असा संकेत आहे. पोटेन्शिओमीटर सांगतो कीं आंस सध्यां कोठें आहे. ठोका सांगतो कीं तो कोठें असावा. या दोहोंत अंतर असेल तोंवर सर्किट मोटारीस वीज देत राहतें, आणि अंतर मिटलें कीं वीज तोडतें. एवढेंच त्याचें शहाणपण.

या शहाणपणांत एक मोठी उणीव आहे. हुकूम केलेल्या जागीं आंस पोंचला नाहीं तर तो कां पोंचला नाहीं हें सर्किटास कळत नाहीं. चाकाची कडी चासीस टेकली असो, मध्यें खडा अडकला असो, अंतर मिटत नाहीं म्हणून वीज चालूच राहते. मोटेचे जुने बैल आमच्या वृद्ध सभासदांस आठवत असतील: मोट थारोळ्यावर आली कीं नाड्याचा ताण ओळखून बैल आपोआप थांबत, हांकणाऱ्यानें ओरडण्याची वाट पाहत नसत. सर्व्होस हा ताण कळत नाहीं. ट्रॅक्टरचा दाखला याहून जवळचा आहे. पॉवर स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरचें चाक शेवटपर्यंत वळवून तसेंच दाबून धरलें तर पंप कण्हूं लागतो, हें सर्वांनीं ऐकलें आहे. तेथें रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेलास वाट करून देतो म्हणून कांहीं मोडत नाहीं. साध्या सर्व्होंत असा व्हॉल्व्ह नाहीं.

अडून राहिलेल्या मोटारीचें काय होतें तें समजून घेतलें पाहिजे, कारण सारा प्रश्न येथेंच आहे. फिरणारी मोटार स्वतःच उलट दाब उत्पन्न करून आंत येणारा प्रवाह आवरून धरते. मोटार थांबली कीं हा उलट दाब नाहींसा होतो, आणि तारेच्या रोधाशिवाय प्रवाहास अडविणारें कांहीं उरत नाहीं. साधारण आकाराचा सर्व्हो स्वस्थ असतां अगदीं थोडी वीज घेतो. तोच अडला तर दोन अँपिअरपर्यंत घेतो, आणि मोठ्या जोराचे सर्व्हो पांच अँपिअरच्याही वर जातात. सहा व्होल्टांवर दोन अँपिअर म्हणजे १२ वॉट झाले, आणि काम कांहींच होत नसल्यामुळें ते सगळे उष्णतेंत जातात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाक लावण्याची लहान सळई १५ ते २५ वॉटची असते. तिच्या जवळपासची उष्णता बंद डबींत कोंडली म्हणजे वेटोळ्यावरचें रोगण किती वेळ टिकणार?

दुसरें नुकसान याहून लपलेलें असतें. बहुतेक गाड्यांत सर्व्हो व रिसीव्हर यांस वीज एकाच ठिकाणाहून, म्हणजे मोटारीची गति आवरणाऱ्या ईएससी नांवाच्या डबींतून मिळते. सर्व्होनें एकाएकीं फार प्रवाह ओढला कीं व्होल्ट घसरतात आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. तो पुन्हा शुद्धीवर येईपर्यंत गाडी कोणाचीच नसते. 'रेडिओ मधूनच तुटतो' अशी तक्रार घेऊन कोणी आला तर अँटेना तपासण्यापूर्वीं आम्हीं आतां स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून पाहतों. दोष पुष्कळदां तेथें सांपडतो.

गाडी दूर अंतरावरून बिनतारी चालविण्याची कल्पना जुनी आहे. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें अशी एक लहान होडी लोकांस दाखविली होती. पण आज जे सर्व्हो व ट्रान्समीटर आपण शेतावर वापरतों ते हौशी लोकांच्या खेळण्याच्या गाड्यांसाठीं वाढीस लागले. जपानच्या टामिया कंपनीनें १९७६ सालीं आपली पहिली रेडिओ-गाडी काढली, व तेव्हांपासून हा छंद जगभर पसरला. त्या छंदाच्या मंडळींनीं स्टिअरिंगची मर्यादा बसविण्याची रीत कधींच पक्की करून ठेवली आहे. ती आम्हांस शिकावयाची होती, म्हणून सभासदाच्या मुलाची एक-दशांश प्रमाणाची खेळण्यांतली गाडी मागून आणली व प्रथम तिच्यावर हात बसविला. नव्या माणसानें असेंच करावें असें आमचें मत आहे. लहान गाडीवर चूक झाली तर शंभर-दोनशें रुपयांचा दांता तुटतो. मोठ्या गाडीवर काय होतें तें वर सांगितलेंच आहे.

कामास बसण्यापूर्वीं गाडी लांकडाच्या ठोकळ्यावर ठेवून चारही चाकें अधांतरीं करावीं, आणि चालविणाऱ्या मोटारीच्या तारा सोडवून ठेवाव्या. प्रथम ट्रान्समीटर चालू करावा, मग गाडी. बंद करतांना याच्या उलट. हा क्रम चुकला तर रिसीव्हरास हुकूम देणारा कोणी नसतांना गाडी जागी होते.

पुष्कळ लोक एकदम मर्यादेस हात घालतात. मध्य ठरल्याशिवाय मर्यादा ठरत नाहीं. शेताची हद्द मोजावयाची तर आधीं खुणेचा दगड पक्का पाहिजे, तसेंच हें आहे. ट्रान्समीटरवरचा ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर आणावा. चाकें उलट दिशेस वळत असतील तर दिशा बदलण्याची कळ आतांच फिरवावी. मागाहून ती फिरविली तर डाव्या-उजव्या मर्यादांचा घोळ होतो. नंतर सर्व्होच्या आंसावरचा हॉर्न काढून घ्यावा. (हॉर्न म्हणजे आंसावर बसणारी आखूड दांडी, भोंग्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं, नांव मात्र तेंच पडलें आहे.) गाडी चालू असतां सर्व्हो आपोआप मध्यावर जाऊन उभा राहतो. त्या स्थितींत हॉर्न असा बसवावा कीं चाकांकडे जाणाऱ्या दांडीशीं तो काटकोन करील.

तो नेमका काटकोनांत बसत नाहीं, हा अनुभव प्रत्येकास येतो. आंसावर बारीक दांते असतात: कांहीं कंपन्यांचे २३, कांहींचे २४, कांहींचे २५. पंचवीस दांत्यांच्या आंसावर हॉर्न एक दांता सरकविला तर तो १४.४ अंश फिरतो. म्हणजे अगदीं जवळचा दांता निवडला तरी सात अंशांपर्यंत चूक राहूं शकते. ती उरलेली चूक सबट्रिमनें काढावी. एक दांता चुकला असतां तोही सबट्रिमनेंच ओढून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण मग एका बाजूस सर्व्होस जागा अपुरी पडते व दुसऱ्या बाजूस फाजील होते. आमच्या जळालेल्या सर्व्होंत हेंच घडलें होतें. हॉर्न एक दांता डावीकडे बसला होता, आणि अंगणांत चाकें वळतात एवढेंच आम्हीं पाहिलें. आणखी एक सूचना: २४ दांत्यांचा हॉर्न २५ च्या आंसावर ठोकून बसवूं नये. बसल्यासारखा वाटतो, आणि जोर पडतांच सरकतो.

सबट्रिम झाल्यावर चाकें सरळ आहेत कीं नाहींत तें पाहावें. नसतील तर दांड्यांची लांबी फिरवून दुरुस्त करावी, ट्रिमनें नव्हे. ट्रिम ही शेतांत चालतांना बोटानें करावयाची किरकोळ दुरुस्ती आहे, तिला मुख्य कामास जुंपूं नये.

आतां मर्यादा. ट्रान्समीटरच्या पडद्यावर हिला 'ईपीए', 'एंड पॉइंट' किंवा 'ट्रॅव्हल' असें नांव असतें, व डावी आणि उजवी यांचे आंकडे वेगवेगळे असतात. शंभर टक्के म्हणजे कारखान्यानें ठरविलेला नेहमींचा पल्ला. बऱ्याच यंत्रांत तो १२० किंवा त्याहून पुढेंही नेतां येतो. कारखानदारास तुमच्या गाडीचें चाक कोठें अडतें हें ठाऊक नसतें. त्याचे शंभर टक्के तुमच्या गाडीस बहुधा अधिकच होतात. एकाच पडद्यावर 'ड्युअल रेट' नांवाचा तिसरा आंकडाही असतो, तो दोन्ही बाजूंस सारखाच कमी करतो. मर्यादा बसवितांना ड्युअल रेट पूर्ण शंभरावर ठेवावा. हें न पाळल्यानें होणारी फसगत मोठी विलक्षण आहे: ड्युअल रेट सत्तरावर असतां कोणी मर्यादा बसवितो, सर्व कांहीं ठीक दिसतें, महिन्याभरानें दुसरा माणूस तो आंकडा शंभरावर नेतो, आणि त्या दिवसापासून सर्व्हो भिंतीस डोकें लावून उभा राहतो.

दोन्ही एंड पॉइंट आधीं ५० वर आणावे. मग ट्रान्समीटरचें चाक उजवीकडे शेवटपर्यंत वळवून धरावें, आणि उजवा आंकडा एकेकानें वाढवीत जावें. गाडीचें चाक थोडथोडें अधिक वळत जाईल. एक वेळ अशी येईल कीं आंकडा वाढतो पण चाक हलत नाहीं, व सर्व्होंतून गुणगुण ऐकूं येते. तेथें क्षणभरही न थांबतां ट्रान्समीटरचें चाक सोडून द्यावें, आंकडा दोन-तीननें कमी करावा, आणि पुन्हा वळवून पाहावें. आवाज गेला पाहिजे. यावर आणखी एक कसोटी आहे, व आमचा भर तिच्यावरच अधिक आहे: पूर्ण वळलेल्या चाकास बोटानें त्याच दिशेस हलकेंच रेटून पाहावें. केसभर, अर्धा-एक मि.मी., जागा शिल्लक लागली तर मर्यादा बरोबर बसली. चाक दगडासारखें घट्ट लागलें तर आणखी एक-दोन आंकडे उतरवावे. नुसत्या कानावर विसंबूं नये. डिजिटल म्हणतात ते सर्व्हो थोड्याशा ओझ्यानेंही गुणगुणतात, आणि तें सगळें गुणगुणणें दोषाचें नसतें.

पुष्कळ गाड्यांत सर्व्हो व चाकें यांच्यामध्यें एक स्प्रिंग असते. चाक दगडावर आपटलें तर धक्का सर्व्होच्या दांत्यांपर्यंत जाऊं नये म्हणून ती घालतात. तिला सर्व्हो सेव्हर म्हणतात. उपयुक्त वस्तु आहे, पण मर्यादा बसवितांना तीच डोळ्यांत धूळ टाकते. चाक अडलें तरी सर्व्हो पुढें फिरत राहतो, स्प्रिंग उघडत जाते, आवाज उशीरा येतो, आणि माणूस समजतो कीं अजून जागा आहे. अशा गाडींत चाकाकडे न पाहतां स्प्रिंगकडे पाहावें. ती उघडूं लागली कीं शेवट आला.

डाव्या बाजूसही हेंच करावें. दोन्ही आंकडे सारखे येणार नाहींत, आणि ते सारखे यावे असा आग्रहही धरूं नये. मुलाच्या गाडीवर आम्हांस उजवीकडे ८२ व डावीकडे ९१ मिळाले. सर्व्हो मध्याच्या एका अंगास बसविलेला असतो, दांडी तिरपी असते, सबट्रिम थोडा एका बाजूस गेलेला असतो. या सगळ्यांचा हिशेब आंकड्यांत उतरतो. मागाहून सबट्रिम हलविला तर कांहीं यंत्रांत दोन्ही टोंकें त्याबरोबर सरकतात, म्हणून मर्यादा पुन्हा पाहाव्या लागतात.

आंकडा ६० च्या खालीं येऊन थांबला तर तो तसाच ठेवूं नये. त्याचा अर्थ असा कीं हॉर्नच्या फार बाहेरच्या भोंकांत दांडी अडकविली आहे, व सर्व्होचा निम्मा पल्ला फुकट जात आहे. दांडी आंतल्या भोंकांत घ्यावी. सर्व्होचा जोर २० किलो-सेंटिमीटर असेल तर २ सेंटिमीटरवरच्या भोंकांत तो १० किलोनें ओढतो, आणि १.६ सेंटिमीटरवरच्या भोंकांत साडेबारा किलोनें. म्हणजे जोर वाढतो आणि हातही बारीक चालतो. उलट १२० पर्यंत नेऊनही चाक पुरें वळत नसेल तर बाहेरचें भोंक घ्यावें. ज्या स्वस्त ट्रान्समीटरवर एंड पॉइंट नाहींच, केवळ ड्युअल रेटची एक खुंटी आहे, तेथें मर्यादा या भोंकांनींच बसवावी, उरलेली कसर त्या खुंटीनें काढावी, आणि मग तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकावी.

पुढचीं दोन्हीं चाकें सारख्याच कोनांत वळत नाहींत हें पाहून आमच्या एका सभासदानें दांडी वांकली असावी अशी शंका काढली होती. ती वांकलेली नव्हती. वळणांत आंतलें चाक लहान वर्तुळांतून व बाहेरचें मोठ्या वर्तुळांतून जातें, म्हणून आंतल्यानें अधिक वळणें हेंच योग्य. ज्या गाडीच्या पुढच्या व मागच्या आंसांत २५७ मि.मी. आणि पुढच्या चाकांच्या दोन खुंट्यांत १५० मि.मी. अंतर आहे, तिचें आंतलें चाक ३० अंश वळलें तर बाहेरच्यानें सुमारें २३ अंश वळावें असा हिशेब निघतो. ही युक्ति मोटारीच्या आधींची, घोड्यांच्या चारचाकी गाड्यांची आहे. म्यूनिकचा गाडी-कारागीर लँकेनस्पेर्गर याची ती कल्पना, आणि लंडनमध्यें तिचें पेटंट १८१८ सालीं रुडॉल्फ आकरमान यानें घेतलें, म्हणून नांव आकरमानचें राहिलें. आपल्या बैलगाडीस दोनच चाकें, त्यामुळें हा प्रश्न आपल्या सुतारांस कधीं पडला नाहीं. मर्यादेच्या कामांत याचा उपयोग इतकाच कीं प्रथम अडतें तें बहुधा आंतलें चाक. तपासणी त्याची करावी.

ठोकळ्यावर बसविलेली मर्यादा जमिनीवर पुन्हा पाहावी लागते. वजन पडलें म्हणजे स्प्रिंगा दबतात, दांडीचा तिरपेपणा बदलतो, आणि वर मोकळें असलेलें चाक खालीं चासीस घासूं शकतें. गाडी हातानें दाबून एकदां, उचलून धरून एकदां, अशी दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावी. मग हळू चालवीत डावें व उजवें अशीं दोन वर्तुळें मातींत काढावीं आणि सुतळीनें मोजावीं. एक वर्तुळ लहान व एक मोठें निघालें तर लहान वर्तुळाच्या बाजूचा आंकडा उतरवून दोन्ही सारखीं करावीं. मोठें लहान करण्यासाठीं आंकडा चढवूं नये. त्या बाजूस जागा असती तर ती आपण आधींच घेतली असती.

फवारणी-गाडीवर हेंच सगळें केलें, पण तीन गोष्टी निराळ्या कराव्या लागल्या. पहिली म्हणजे अडण्याची जागाच नीट नव्हती. डावीकडे चाकाची कडी टाकीच्या चौकटीस टेकत होती आणि उजवीकडे टायर पंपाच्या नळीस. म्हणून ट्रॅक्टरच्या पुढच्या आंसास असतात तसे अडीचे बोल्ट दोन्ही बाजूंस बसविले, व सर्व्होची मर्यादा त्या बोल्टांच्या अलीकडे ठेवली. कांहीं बिघडून चाक फार वळलेंच तर तें बोल्टावर थांबेल, नळीवर नाहीं.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. पाऊस पडून गेल्यावर ही माती चाकावर, कडीवर व बोल्टांच्या तोंडावर लिंपत जाते. अंगणांत एक मि.मी. मोकळें असलेलें चाक तासाभरानें मातीच्या थरावर अडतें, आणि सर्व्होच्या लेखीं माती व लोखंड सारखेंच. खेळण्यांतल्या गाडीस केसभर जागा पुरते. शेतावर आम्हीं चांगली तीन मि.मी. सोडली आहे. वळण थोडें मोठें झालें, ओळींच्या टोंकास जागा अधिक लागते. ती गैरसोय पत्करली. शिवाय प्रत्येक टाकी भरतांना चाकांच्या कड्या काठीनें खरवडून काढावयाच्या असा नियम केला.

तिसरी गोष्ट टाकींतल्या पाण्याची. भरली टाकी घेऊन गाडी वेगानें पूर्ण वळली तर पाणी बाहेरच्या अंगास धांवतें व गाडी कलंडते. येथें ड्युअल रेट कामास येतो. भरल्या टाकीस तो ७० वर ठेवावा, टाकी अर्धी उतरल्यावर शंभरावर न्यावा. मर्यादा आधींच शंभरावर बसविलेल्या असल्यामुळें तो कसाही फिरविला तरी भय नाहीं.

एक ट्रान्समीटर दोन गाड्यांस वापरणाऱ्यांनीं गाडीचें नांव पडद्यावर वाचल्याशिवाय चालवूं नये. आंकडे गाडीगणिक वेगळे साठविलेले असतात, आणि खेळण्याच्या गाडीचे ९१ फवारणी-गाडीस लागू झाले तर केलेलें सगळें काम वायां जातें. त्याचप्रमाणें फेल-सेफ नांवाची सोय रिसीव्हरांत असल्यास ती अवश्य बसवावी: रेडिओ तुटतांच चालविणारी मोटार थांबली पाहिजे. पंपाची तारही आम्हीं आतां त्याच सोयीस जोडली आहे. आणि फडकें व चष्मा बांधावर उभें राहणाऱ्यासही लावावयास सांगतों.

नवा सर्व्हो बसवून दीड महिना झाला. भर उन्हांत दोन तासांच्या कामानंतर त्यावर बोट ठेवलें असतां तो कोमट लागतो, त्याहून अधिक नाहीं. सर्व्हो, हॉर्न किंवा दांडी यांपैकीं कांहींही बदललें कीं पहिल्यापासून सगळें पुन्हा करावयाचें, व नवे आंकडे टाकीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस न पुसणाऱ्या शाईनें लिहावयाचे असें ठरविलें आहे. सध्यां तेथें लिहिलें आहे: हॉर्न २५ दांते, आंतून दुसरें भोंक, सबट्रिम उजवीकडे ४, उजवी मर्यादा ७४, डावी ७९.